रोजकीर्दी अनेक, खतावणी एकही नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी १४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनाच्या आगेमागे आपल्या दैनिकात मधुमेहाविषयी लेख येतात. मी ते कापून ठेवणाऱ्या वाचकांपैकी आहे आणि त्यांतील माहितीविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या लेखांत गृहीत धरलेल्या रुग्णाविषयी. त्याला मधुमेह असतो आणि मधुमेहाखेरीज दुसरे काही म्हणजे काही नसते. तो पहाटे उठून पाऊण तास भरभर चालतो, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि वाटीभर पालेभाजी खातो, एक गोळी सकाळी आणि एक रात्री घेतो, आणि तीन महिन्यांत त्याची साखर आटोक्यात येते. असा मनुष्य पुण्यात कुठेतरी असेलही, पण गेल्या बावीस वर्षांत दवाखान्याच्या बाकावर तो माझ्या शेजारी येऊन बसलेला नाही. माझ्या शेजारी बसतात ते मांडीवर तीन-तीन फायली घेतलेले लोक.

मी अडुसष्ट वर्षांची आहे, एका सहकारी बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागातून निवृत्त झाले आणि पर्वतीच्या पायथ्याशी राहते. मधुमेह माझ्याकडे शेहेचाळिसाव्या वर्षी आला आणि दोन वर्षांनी रक्तदाब त्याच्या पाठोपाठ आला. पुढे थायरॉईड मंदावल्याचे निघाले, साठीत गुडघ्यांची झीज सुरू झाली आणि चार वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत, मूत्रपिंडांचे काम जवळपास निम्म्यावर आल्याचे कळले. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या सुरुवातीच्या खुणा आहेत, त्या वर्षातून एकदा बुबुळात थेंब घालून पाहून घ्याव्या लागतात. ही यादी कोणाला दया यावी म्हणून दिलेली नाही. माझ्या वयाच्या मधुमेहींत तिच्यात विशेष असे काही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना, म्हणजे ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, आणि उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के आहे. अशा दोन गर्दी एकाच देशात असताना त्या एकमेकींत मिसळणारच. आणि हे दोन आजार मिळून गुपचूप ज्यांच्यावर हात टाकतात त्या अवयवांत मूत्रपिंडाचे नाव अगदी वर आहे.

जाता जाता एक सांगते. मला आजही लोक विचारतात, की "तुम्ही तर एवढ्या बारीक, तुम्हाला कशी हो शुगर?" या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच मिळालेले आहे. येथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात शेजारी शेजारी उभे राहून काढलेले आपलेच छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. वरून बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असतोच असे नाही, हे इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कोणी दाखवले असेल. पण माझे पत्र त्याविषयी नाही.

बँकेत आमच्याकडे संगणक येण्यापूर्वी दोन मोठ्या वह्या असत. दिवसभरात जे व्यवहार होतील ते त्याच क्रमाने रोजकीर्दीत उतरत, आणि मग कोणीतरी बसून त्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत घेई. खातेदाराची खरी स्थिती खतावणीत कळे, रोजकीर्दीत नव्हे. आज माझ्या प्रकृतीच्या रोजकीर्दी पाच आहेत: मधुमेहाच्या डॉक्टरांकडे एक, हृदय व रक्तदाबाच्या डॉक्टरांकडे एक, मूत्रपिंडाच्या, अस्थिरोगाच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकेक. प्रत्येक वही स्वच्छ आहे, प्रत्येक नोंद आपापल्या जागी योग्य आहे. खतावणी मात्र कोणीच लिहीत नाही. एका वहीतला मजकूर दुसऱ्या वहीपर्यंत पोहोचवण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि मला त्यातले निम्मे शब्द कळत नाहीत.

याचा परिणाम काय होतो ते सांगते. तीन वर्षांपूर्वी गुडघे इतके दुखू लागले, की जिना उतरताना कठडा सोडवेना. एका मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नंबर लावला. नावनोंदणीच्या कागदावर 'इतर आजार' अशी एकच ओळ होती. तिच्यात समोरच्या मुलीने 'शुगर, बीपी' एवढे लिहिले आणि जागा संपली. पंधरा दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. गुडघ्यांना खरोखरच आराम पडला. दहाव्या दिवशी पावले सुजली, सुजेवर बोट दाबले तर खळगा राही, रक्तदाब १७० च्या वर गेला आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे मंदावली की रक्तात साठणारे टाकाऊ द्रव्य, १.३ वरून १.९ वर गेले. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी नंतर मला समजावले ते असे: मी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी घेतच होते, त्या दोन औषधांच्या जोडीला या प्रकारचे वेदनाशामक आले, की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा पुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. तिन्ही औषधे स्वतंत्रपणे नेहमी दिली जाणारीच आहेत. आम्ही तपासणीत अशा प्रकाराला 'नोंद बरोबर, ताळा चूक' म्हणत असू. सुदैवाने गोळ्या थांबवल्यावर आकडा बराचसा खाली आला. माझ्या बाकावरच्या एका गृहस्थांचा आला नाही.

त्यानंतर गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचे ठरले. ते स्टेरॉईडचे होते आणि त्याने काही दिवस साखर वाढते, ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी यंत्रावर ३४२ आकडा दिसला तेव्हा मी आधी पट्टीला दोष दिला, मग आदल्या रात्री खाल्लेल्या दोन चमचे श्रीखंडाला.

आहाराची गोष्ट याहून गमतीची आहे, आणि तिच्यावर थोडे अधिक लिहिते, कारण दिवसातून तीनदा तिच्याशी गाठ पडते. माझ्या फ्रिजच्या दारावर तीन कागद आहेत. मधुमेहाच्या आहारतज्ज्ञ बाई म्हणतात, भात कमी करा, डाळी-उसळी वाढवा, पालेभाजी भरपूर, मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे किंवा एखादा पेरू. मूत्रपिंडाचा कागद म्हणतो, डाळ मोजून घ्या, पालेभाजी उकळून तिचे पाणी टाकून द्या, शेंगदाणे जपून, शहाळ्याचे पाणी, केळे आणि टोमॅटो यांपासून दूर राहा, कारण पोटॅशियम. रक्तदाबाचा कागद लोणचे, पापड, फरसाण बंद करतो, त्याविषयी वाद नाही. पण मीठ कमी करायला सांगितल्यावर माझ्या नणंदेने मोठ्या प्रेमाने 'कमी सोडियमचे मीठ' आणून दिले, आणि दोन महिने आम्ही तेच वापरले. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते. मंदावलेली मूत्रपिंडे पोटॅशियम नीट बाहेर टाकत नाहीत, टेल्मिसार्टनसुद्धा ते अंगात धरून ठेवते, आणि पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. माझे ५.८ भरले तेव्हा मी डॉक्टरांना शहाळ्याची शपथ वाहून सांगत होते, की मी घेतलेले नाही; मीठ कोणते, हे त्यांनी चौथ्या प्रश्नात विचारले म्हणून सापडले. तिन्ही कागदांचे पूर्ण एकमत आहे ते फक्त एकाच पदार्थाविरुद्ध, आणि तो म्हणजे शेंगदाण्याचे कूट आणि बटाटा घातलेली साबुदाण्याची खिचडी.

दिवसाचे वेळापत्रकही असेच. थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि मग निदान अर्धा-पाऊण तास चहा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवायच्या, नाहीतर ती अंगी लागत नाही. मधुमेहाची गोळी न्याहारीच्या अगदी आधी. ज्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायचे असते त्या दिवशी लॅबचा मुलगा साडेसातला येतो म्हणून सांगून नऊला येतो आणि सगळी माळ तुटते. चालण्याचे म्हणाल, तर एके काळी मी पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढत असे. आता सारसबागेत एक फेरी घेऊन बाकावर बसते. 'रोज ४५ मिनिटे भरभर चाला' हा सल्ला देणाऱ्यांनी गुडघ्यांना विचारलेले नसते.

मागच्या आषाढी एकादशीची रात्र मात्र गमतीची नव्हती. खिचडी वर्ज्य म्हणून मी दिवसभर थोडी भगर आणि ताक एवढ्यावर राहिले. ग्लिमेपिराईड ही साखर उतरवणारी मधुमेहाची गोळी सवयीने नेहमीइतकीच घेतली. रात्री तीनच्या सुमारास घामाने जागी झाले. लिहिलेले वाचून मला माहीत होते, की साखर उतरली की छातीत धडधडते आणि हात थरथरतात. धडधड नव्हती, थरथर नव्हती, म्हणून मी पंखा वाढवला आणि पडून राहिले. पाणी प्यायला उठलेल्या माझ्या सुनेने "आई, तुम्ही असं अडखळत का बोलताय?" म्हणून यंत्र लावले, तेव्हा साखर ४६ होती. तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून मला पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले आणि मग दूध-पोळी खायला घातली. धडधड आणि थरथर का झाली नाही, तर रक्तदाबासाठी चाललेली एक गोळी, बीटा ब्लॉकर गटातली, नेमकी हीच दोन लक्षणे झाकून टाकते. घाम तेवढा येतो. शिवाय मूत्रपिंडे मंदावली, की मधुमेहाच्या काही गोळ्यांचा अंमल अंगात जास्त वेळ रेंगाळतो आणि तीच मात्रा जास्त होऊन बसते. म्हणजे एका डॉक्टरांची गोळी साखर उतरवत होती, दुसऱ्यांची गोळी ती उतरल्याची खबर दाबत होती आणि ती इतकी का उतरली याचे एक कारण तिसऱ्या डॉक्टरांच्या वहीत लिहिलेले होते.

यातला मला सर्वांत बोचलेला भाग असा, की त्याच्या तीनच आठवडे आधी माझी साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.३ टक्के आली होती आणि तिच्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती. मीही पेढे वाटायचीच बाकी होते. साखर जितकी खाली तितकी उत्तम, हे आपल्या सर्वांच्या डोक्यात पक्के बसले आहे. अमेरिका व कॅनडात १०,२५१ मधुमेहींवर झालेल्या 'अकॉर्ड' या चाचणीत, ज्यांची सरासरी ६ च्या खाली आणण्याचा आटोकाट प्रयत्न केला त्या गटात मृत्यू जास्त झाले आणि २००८ मध्ये त्या गटाचे ते उपचार मुदतीआधी थांबवावे लागले. अनेक जुने आजार असलेल्या वृद्धांसाठी ८ च्या आतले लक्ष्य पुरेसे मानावे, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. आणखी एक गोष्ट. ही सरासरी रक्तातल्या तांबड्या पेशींवर मोजतात आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. मूत्रपिंडाच्या आजारात रक्त कमी होते, पेशी लवकर मरतात, लोहाचे उपचार चालू असले की नव्या पेशींची भर पडते. अशा वेळी हा आकडा खऱ्या साखरेपेक्षा कमी दिसू शकतो. माझे हिमोग्लोबिन तेव्हा ९.६ होते आणि लोह चालू होते. ती नोंदही दुसऱ्याच वहीत.

मेटफॉर्मिन ही गोळी मी वीस वर्षांहून अधिक काळ घेत आहे. मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा (अहवालात 'ईजीएफआर') ४५ च्या खाली गेला तर तिची मात्रा कमी करण्याचा विचार करावा लागतो आणि ३० च्या खाली गेला तर ती बंद करावी लागते. शिवाय दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. माझ्या तळपायांना मुंग्या येत, त्या दोन वर्षे मधुमेहाच्या खात्यावर जमा होत होत्या. बी-१२ तपासा, असे सुचवले ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या, नुकतीच बी. फार्म. झालेल्या मुलीने. तिनेच एकदा माझ्या दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून दाखवले होते, की वेगवेगळ्या नावांच्या दोन पाकिटांत टेल्मिसार्टन एकच आहे आणि मी ते दुप्पट घेत आहे. खरे तर माझ्या खतावणीचे पहिले पान तिनेच लिहिले, असे म्हणायला हरकत नाही.

माझ्या कोणाही डॉक्टरांच्या ज्ञानाविषयी किंवा तळमळीविषयी मला शंका नाही. पंधरा मिनिटांत चार रुग्ण तपासणाऱ्या माणसाने माझ्या पाचही फायली वाचाव्यात, अशी अपेक्षा मी करणार नाही. पण अनेक आजार एकत्र असलेल्या रुग्णाकडे पाहण्याची रीतच वेगळी असावी लागते, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेने २०१६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, आणि तिचा भर नवे औषध वाढवण्यावर नसून चालू असलेली सगळी औषधे एकत्र मांडून कोणते कमी करता येईल ते पाहण्यावर आहे. आपल्याकडे आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा चौदा आकडी क्रमांक मिळतो, त्याला सर्व नोंदी जोडता येतात, असे सांगतात. माझ्याकडे तो क्रमांक आहे. आजवर त्याचा उपयोग केसपेपर लवकर काढण्यापुरता झाला. त्यातली माझी जुनी नोंद उघडून पाहिलेला डॉक्टर मला अजून भेटायचा आहे.

तेव्हा पुण्यातील रुग्णालयांना, आपल्या दैनिकामार्फत, माझी विनंती आहे ती मोठ्या यंत्रणेची नाही. ज्या रुग्णाच्या तीनपेक्षा जास्त विभागांत फायली आहेत त्याच्यासाठी एका फिजिशियनचे नाव ठरवून द्यावे आणि सहा महिन्यांतून एकदा त्या डॉक्टरांनी फक्त औषधांची यादी पाहावी. त्या दिवशी नवी तक्रार ऐकू नये, नवी तपासणी लिहू नये. त्यासाठी अर्धा तास लागेल आणि त्याचे शुल्क आम्ही देऊ. पाच ठिकाणी देतोच आहोत. घरी सोडताना मिळणारा कागद मराठीत असावा आणि त्यावर औषधाचे कंपनीचे नाव असले तरी शेजारी मूळ नाव असावेच, म्हणजे जनऔषधी केंद्रातही ते मागता येईल आणि दुप्पट होत असेल तर कळेल. आपल्या फॅमिली डॉक्टरांची पिढी हे काम न सांगता करीत असे. सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी माझ्या सासूबाईंना शहरातल्या मोठ्या तज्ज्ञाने लिहिलेली चिठ्ठी वाचून, तिच्यातल्या दोन गोळ्यांवर शांतपणे काट मारलेली मी पाहिली आहे. असा अधिकार आज कोणी स्वतःकडे घेत नाही.

तोवर मी माझ्यापुरते एक पान केले आहे. त्यावर डावीकडे औषधाचे मूळ नाव, मग मात्रा, वेळ, कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी आणि कधीपासून. वर ठळक अक्षरांत क्रिएटिनिनचा व मूत्रपिंडाच्या कामाचा शेवटचा आकडा आणि त्याची तारीख, आणि खाली 'वेदनाशामक गोळी देण्यापूर्वी हा आकडा पाहावा' एवढे एक वाक्य. खोलीत गेल्यावर फाईलच्या आधी हे पान टेबलावर ठेवते. काही डॉक्टर ते बाजूला सारतात, पण बहुतेक जण वाचतात, आणि दोघांनी तर त्याची झेरॉक्स मागून घेतली.

आपणांस विनंती आहे, की येत्या नोव्हेंबरच्या पुरवणीत चालण्याचे फायदे आणि मेथीचे गुण यांच्याबरोबर या पानाची एक कोरी चौकट छापावी, जी वाचकांना कापून फायलीत लावता येईल. छापताना रेघा थोड्या दूरदूर ठेवाव्यात. ज्यांना ती भरायची आहे त्यांच्यातल्या अनेकांच्या डोळ्यांच्या पडद्याचीही तक्रार असणार.

आपली नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे